कौलावरील ‘१८६५’ : रत्‍नागिरी प्रांतीं मंगळुरी कौलांचा प्रवेश व त्यांवरील मुद्रांचें वाचन

रत्‍नागिरी जिल्ह्यांतील जुन्या घरांचा काळ ठरवितांना एक प्रमाण वारंवार पुढें करण्यांत येतें. घरांतील वडील मंडळी पाहुण्यास माजघरांत नेतात, वर बोट दाखवितात, आणि वाशांच्या मधून दिसणाऱ्या एखाद्या कौलाच्या पोटावरील इंग्रजी अक्षरें वाचावयास सांगतात. तेथें ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ अशीं अक्षरें व त्यांच्या जोडीस ‘१८६५’ हा आंकडा उठलेला असतो. एवढ्यावरून घर इ. स. १८६५ सालचें असा निर्णय होतो. तो पुढें कुलवृत्तांतांत शिरतो, आणि एकदां छापला गेला म्हणजे त्यास प्रमाणाचें स्वरूप येतें.

हा निर्णय चुकीचा आहे. सदर आंकडा घराचा नव्हे, आणि त्या विशिष्ट कौलाचाही नव्हे. तो ज्या कारखान्यांत कौल तयार झालें त्याच्या स्थापनेचा आहे, आणि कारखान्यानें तो पुढें तयार झालेल्या मालावरही उठविला. आपल्या मंडळींस या जातीची चूक अपरिचित नाहीं. सनदेची नक्कल करणारा कारकून मूळ सनदेची मिती जशीच्या तशी उतरतो; म्हणून ती नक्कल त्या मितीस लिहिली गेली असें आपण म्हणत नाहीं. आपण कागद पाहतों, अक्षराचें वळण पाहतों, शिक्का पाहतों, आणि मग बोलतों. कौलाच्या बाबतींत हा विवेक सुटतो, याचें कारण एवढेंच दिसतें कीं, कौल हें ऐतिहासिक साधन आहे असें आपणांस अद्यापि मनापासून वाटलेलें नाहीं.

प्रस्तुत लेखाचा हेतु दुहेरी आहे. घरबांधणीचा एक अगदीं नवा जिन्नस परप्रांतांतून येऊन या किनाऱ्यावर कसा रुजला हें सांगणें हा पहिला. आणि त्या जिन्नसावरील मुद्रा कशा वाचाव्या व कशा वाचूं नयेत याचे कांहीं नियम मांडणें हा दुसरा. पहिल्यावांचून दुसरा समजावयाचा नाहीं, म्हणून आरंभ तेथून करतों.

१. मंगळुरी कौलापूर्वींचें छप्पर

रत्‍नागिरीस वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळें येथील घराची खरी परीक्षा छपराशीं होते. भिंतीस लागणारा जांभा दगड जागच्या जागीं मिळतो. खाणींतून काढतांना तो मऊ असतो, हातच्या हत्यारानें त्याचे चिरे पाडतां येतात, आणि हवा लागली म्हणजे तो कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन यानें हाच प्रकार मलबारांत पाहिला आणि लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून या दगडास ‘लॅटेराइट’ हें नांव दिलें. त्याचा ग्रंथ इ. स. १८०७ सालीं प्रसिद्ध झाला. भिंतीचा प्रश्न याप्रमाणें भूमीनेंच सोडविला होता. छपराचा प्रश्न मात्र दरवर्षी नव्यानें उभा राही.

छपराचे मुख्य प्रकार दोन होते. गरिबाच्या घरावर गवत, भाताचा पेंढा किंवा माडाच्या झांवळ्यांचे विणलेले झांप. ऐपत असलेल्याच्या घरावर नळे. नळा करण्याची रीत अशी कीं, कुंभार चाकावर एक निमुळती नळी काढी, ती ओली असतांनाच उभी चिरून तिचे दोन भाग करी, आणि ते वाळवून भाजी. छपरावर नळ्यांची एक ओळ उताणी व तिच्या सांध्यावर दुसरी ओळ पालथी घालीत. या नळ्यांस एकमेकांत अडकण्याची सोय नव्हती. ते आपल्या वजनानेंच जागीं राहत. वारा सुटला, माकडें नाचलीं, माडावरून नारळ पडला, कीं नळे सरकले किंवा फुटले. म्हणून पावसाच्या तोंडीं शाकारणी करावी लागे. सर्व नळे उतरावयाचे, खालचा केरकचरा काढावयाचा, फुटके वेगळे करून त्यांच्या जागीं नवे घालावयाचे, आणि पुन्हां ओळी लावावयाच्या, असें हें काम होतें. गवत व झांप यांचीही तीच गत. शिवाय त्यांस आगीचें भय.

येथें शब्दासंबंधीं एक सूचना करणें अवश्य आहे. ‘कौल’ हा शब्द मंगळुरी कौलाहून पुष्कळ जुना आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति इ. स. १८५७ सालची, तींत हा शब्द अभयवचन व छपराचें कौल अशा दोन्ही अर्थांनीं आढळतो. पहिला अर्थ आपल्या वाचकांस कौलनाम्यांवरून पूर्ण परिचयाचा आहे. दुसऱ्या अर्थाविषयीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, पेशवाईंतील किंवा कंपनीच्या अमदानींतील कागदांत ‘कौलारू घर’ अथवा ‘कौलें’ असा उल्लेख आला तर तो कुंभारी कौलांचा समजावा. त्या शब्दासरशी आजच्या सपाट तांबड्या कौलाचें चित्र डोळ्यांपुढें आणणें म्हणजे त्या काळावर मागाहूनची वस्तु लादणें होय.

२. नेत्रावतीच्या कांठचा कारखाना

एकमेकांत अडकणारें सपाट कौल ही मूळची युरोपांतील युक्ति. आल्सास प्रांतांतील आल्टकिर्श येथील गिलार्दोनी बंधूंनीं इ. स. १८४१ सालीं अशा कौलाचा स्वामित्वहक्क घेतला. कौलाच्या एका कडेस खांचणी व दुसऱ्या कडेस तीत बसणारी कड, अशी त्याची रचना. शेजारचीं दोन कौलें एकमेकांस धरून ठेवतात, सांध्यांतून पाणी आंत येत नाहीं, आणि नळ्यांप्रमाणें दुहेरी थर द्यावा लागत नाहीं. आल्टकिर्श हें गांव स्वित्झर्लंडांतील बासेल शहरापासून फार दूर नाहीं, आणि याच बासेल शहरांत इ. स. १८१५ सालीं स्थापन झालेल्या ख्रिस्ती मिशनचे लोक इ. स. १८३४ सालीं मंगळुरास येऊन राहिले होते.

धर्मोपदेशकांनीं कौलें भाजावीं हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. परंतु त्याचें कारण सामाजिक होतें. जो मनुष्य ख्रिस्ती होई त्याचा जातीशीं असलेला संबंध तुटे, आणि जातीबरोबर त्याचा धंदाही जाई. अशा लोकांस पोटास लावण्यासाठीं मिशननें निरनिराळे उद्योग करून पाहिले. छापखाना निघाला, विणकाम निघालें, आणि शेवटीं कौलांचा कारखाना निघाला. तो काढणारा गृहस्थ गेऑर्ग प्लेब्स्ट हा मिशनच्या छापखान्याशीं संबंध असलेला, यंत्रविद्येचा जाणकार होता. मंगळुरानजीक जेप्पू येथें नेत्रावती नदीच्या कांठीं त्यानें इ. स. १८६५ सालीं कारखाना सुरू केला. चिखलमाती नेत्रावती व गुरुपूर या नद्यांच्या परिसरांत मुबलक होती, आणि सरपणही पाण्यानेंच येई. माती मळण्यास बैल, आकार देण्यास दाबयंत्र व सांचा, भाजण्यास भट्टी, अशी सारी मांडणी होती. आरंभीं दोन कामकरी व एक बैलजोडी यांवर काम चालून दिवसाला सुमारें ५६० कौलें निघत.

छापखान्यांतील मनुष्यानें कौलाचा कारखाना काढावा यांत वाटतें तितकी विसंगति नाहीं. खिळ्यावर अक्षर उलटें कोरतात तेव्हां तें कागदावर सुलटें उठतें. सांच्यांत अक्षर उलटें कोरलें म्हणजे तें कौलावर सुलटें उठतें. एका सांच्यांतून निघालेलें प्रत्येक कौल दुसऱ्यासारखें, आणि प्रत्येकावर तेंच नांव व तोच आंकडा. ग्रंथाच्या प्रती जशा सारख्या, तशींच कौलें सारखीं. एकामागून एक हुबेहूब वस्तु काढण्याची ही संवय छापखान्यानें आधींच लावून दिली होती.

हा धंदा मिशनच्या हातीं फार दिवस एकट्याचा राहिला नाहीं. इ. स. १८६८ सालीं पाणेमंगळूर येथें आल्बुकर्क घराण्याचा कारखाना निघाला. एतद्देशीय मालकीचा हा पहिला समजतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मंगळूर व त्याच्या आसपास पंचवीसच्या सुमारास कारखाने झाले होते. मिशननेंही मंगळुराबाहेर मलबारांत कारखाने काढले. पुढें इ. स. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, जर्मन लोकांचा भरणा असल्यामुळें मिशनवर सरकारची वक्र दृष्टि झाली, आणि त्याच्या उद्योगधंद्यांचा ताबा काढून घेण्यांत येऊन इ. स. १९१९ सालीं ते ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ या नव्या संस्थेकडे सोंपविण्यांत आले. मुद्रांच्या वाचनास हें साल फार महत्त्वाचें आहे. त्याचा उपयोग पुढें येईल.

३. समुद्रमार्ग

मंगळूर आणि रत्‍नागिरी या दोहोंच्या मध्यें कारवार व गोमंतक हे प्रांत पसरलेले आहेत. या किनाऱ्यानें जमिनीवरचा सलग मार्ग म्हणजे एकामागून एक खाड्या ओलांडण्याचा मार्ग. रत्‍नागिरीस रेल्वे आली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग इ. स. १९९८ सालीं खुला झाला. तेव्हां ज्या काळाचा आपण विचार करीत आहों त्या काळीं कौलासारख्या जड व ठिसूळ मालास समुद्र हाच एक सोयीचा रस्ता होता.

थोडा हिशेब करून पाहूं. शंभर चौरस फूट छपरास सुमारें दीडशें मंगळुरी कौलें लागतात. दोन हजार चौरस फूट छपराचें बऱ्यापैकीं घर धरलें तर तीन हजार कौलें लागलीं. दर कौलाचें वजन अडीच किलोच्या सुमाराचें. म्हणजे एका घराच्या छपराचा भार साडेसात टन झाला. तो खडबडीत वाटेनें बैलगाड्यांतून न्यावयाचा तर गाड्यांची रांगच लागेल, आणि प्रत्येक धक्क्यास कांहीं कौलें फुटतील. तोच भार एका लहानशा गलबतांत बसतो. शिवाय कौलें हा असा जिन्नस आहे कीं, तो तळाशीं रचला असतां गलबतास स्थिरता येते. ज्यास खलाशी निरम म्हणतात तें काम दगड-वाळूऐवजीं विकाऊ मालानेंच होतें.

फत्तेमाऱ्या व गलबतें यांचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होऊन मे महिन्यांत संपे, आणि शाकारणीचा हंगामही तोच. म्हणजे माल येण्याचा काळ आणि मालाची गरज लागण्याचा काळ हे दोन्ही जुळले. वेंगुर्लें, मालवण, देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, रत्‍नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै, बाणकोट हीं बंदरें या किनाऱ्यावर ओळीनें आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या मागें खाडी आहे. खाडीनें भरतीबरोबर होड्या राजापूर, संगमेश्वर, चिपळूण या पेठांच्या रोखानें आंत जात. यावरून असें अनुमान निघतें कीं, नवें कौल प्रथम बंदरांत, नंतर खाडीच्या कांठानें, आणि सर्वांत शेवटीं घाटाच्या पायथ्याच्या गांवांत पोंचलें असावें. या अनुमानाची परीक्षा कौलांच्या मुद्रा गांववार नोंदवूनच होईल; ती कशी करावी हें पांचव्या कलमांत सांगितलें आहे.

४. नवा माल रुजला कां

एखादी वस्तु चांगली आहे एवढ्यानेंच ती बाजारांत रुजत नाहीं. घरबांधणीच्या वस्तूंच्या बाबतींत तर लोक फार सावध असतात. कारण कापड वाईट निघालें तर एक वर्ष फुकट जातें, छप्पर वाईट निघालें तर धान्य, गुरें, कागदपत्र व माणसें सर्वच भिजतात. असें असतां मंगळुरी कौल कोंकणानें स्वीकारलें, याचीं कारणें मला चार दिसतात.

पहिलें कारण माप. कुंभाराचे नळे त्याच्या हाताच्या अंदाजाचे. मंगळुरी कौल सांच्याचें. आज घातलेलें कौल दहा वर्षांनीं फुटलें तर त्याच मापाचें दुसरें आणून त्याच जागीं बसवितां येतें. याच गुणामुळें छपरांत उजेडासाठीं काचेचें कौल बसविण्याची सोय झाली. तें मातीच्या कौलाच्या घडणीचेंच असल्यामुळें कोणत्याही ओळींत, कोणत्याही घरांत बसतें. माजघराच्या अंधारांत दिवसा उजेडाचा चौकोन पडूं लागला, ही गोष्ट लहान नव्हे. या मापाचा अधिकार पुढें एवढा वाढला कीं, स्वतंत्र भारतांत कौलांसाठीं जें सरकारी मानक ठरलें, आय. एस. ६५४, त्यांतही या कौलास मंगळुरी घडणीचें कौल असेंच नांव आहे. गांवाचें नांव जाऊन घडणीचें नांव झालें.

दुसरें कारण मुद्रा. कोंकणांतील गिऱ्हाइकानें मंगळूर पाहिलेलें नव्हतें. भट्टींत काय जळतें व माती कोठली हें त्यास ठाऊक नव्हतें. कुंभाराशीं त्याची तोंडओळख होती, पिढ्यांचा संबंध होता, आणि माल वाईट निघाल्यास त्याच्या दारांत जाऊन भांडतां येत असे. कारखानदाराशीं असा संबंध शक्य नव्हता. त्या संबंधाची जागा कौलावरील नांवानें घेतली. इंग्रजी अक्षरें न वाचतां येणाऱ्यासही त्यांचें वळण ओळखतां येई. ‘कौल’ शब्दाचा जो पहिला अर्थ, म्हणजे दिलेलें वचन, तोच येथें दुसऱ्या अर्थाच्या पोटावर उठविलेला होता असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. स्थापनेचें साल छापण्याचें मर्मही यांतच आहे. ‘आम्ही आज उपटलेले नव्हों, इतक्या वर्षांचे आहों,’ हें दूरच्या गिऱ्हाइकास सांगण्यासाठीं तें साल होतें. इतिहाससंशोधकाच्या सोयीसाठीं तें छापलेलें नव्हतें.

तिसरें कारण समुद्रमार्ग. त्याचा विचार वर झालाच आहे. सरकारी इमारतींस या कौलांची शिफारस होत असे, याचीही त्यास जोड मिळाली. कचेरी, शाळा व दवाखाना यांवर जें छप्पर लोक रोज पाहतात त्याची भीति उरत नाहीं.

चौथें कारण माझ्या मतें सर्वांत वजनदार आहे. हें कौल नवें असूनही अनोळखी नव्हतें. मातीच्या जागीं मातीच आली, तांबड्या रंगाच्या जागीं तांबडाच रंग आला, उतरतें छप्पर उतरतेंच राहिलें, आणि शब्दही बदलावा लागला नाहीं. बदल झाला तो छपराखालच्या लाकडांत. नळे वेड्यावांकड्या लाकडांवरही निभावत. मंगळुरी कौलाची पाठीमागची नाकें मात्र सरळ, कापीव व सारख्या अंतरावर मारलेल्या रिपांसच धरतात. म्हणजे नव्या कौलानें कुंभाराचें काम कमी केलें आणि कराती व सुताराचें वाढविलें. याउलट लोखंडी पन्हळी पत्र्याची गोष्ट पाहावी. तोही एकोणिसाव्या शतकांतलाच. हेन्री पामर यानें त्याचा स्वामित्वहक्क इ. स. १८२९ सालीं घेतला. तो हलका व लांबरुंद, पण उन्हांत तापणारा, पावसांत कानठळ्या बसविणारा, आणि खाऱ्या वाऱ्यांत गंजणारा. तो गोठ्यावर व वखारीवर चढला. माजघरावर चढण्यास त्यास फार काळ लागला. जी वस्तु लोकांस आपली राहणी बदलावयास सांगते तिला वेळ लागतो. जी राहणी तशीच ठेवून श्रम कमी करते ती लौकर रुजते.

५. मुद्रांचें वाचन

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जेप्पूच्या कारखान्यांतून आरंभीं दिवसाला ५६० कौलें निघत, हें वर सांगितलें. पावसाळ्यांत माती वाळत नाहीं, म्हणून वर्षांतील कामाचे दिवस दोनशें धरूं. म्हणजे पहिल्या पूर्ण वर्षाचा माल एक लाख बारा हजार कौलें झाला. वर धरलेल्या मापाच्या घरास तीन हजार कौलें लागतात. त्या मानानें एवढ्या मालांत सदतीस घरें शाकारलीं जातील. हा माल प्रथम मंगळुरास व त्याच्या आसपास खपला असणार. तेव्हां मलबारापासून कोंकणापर्यंत ज्या ज्या घरांत ‘१८६५’ दिसतो तीं सर्व घरें त्या सालचीं असणें अंकगणितानेंच अशक्य ठरतें.

दुसरें उदाहरण उलट बाजूचें घेऊं. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्‍नागिरींत इ. स. १८५६ सालीं झाला. मंगळुरी कौलाचा कारखाना त्यानंतर नऊ वर्षांनीं निघाला. यावरून त्या पिढीच्या कोणत्याही घराविषयीं एवढें निःशंक म्हणतां येतें कीं, आज त्यावर मंगळुरी कौल दिसत असल्यास तें मागाहून चढविलेलें आहे, आणि लोकमान्यांच्या बाळपणचें छप्पर दुसरेंच होतें. म्हणजे घर कौलाहून जुनें असूं शकतें, नवेंही असूं शकतें. या दोन्ही शक्यता डोळ्यांपुढें ठेवून पुढील नियम सुचवितों.

पहिला नियम : कौलावरील साल हें कारखान्याचें समजावें, बांधकामाचें समजूं नये.

दुसरा नियम : कारखान्याच्या नांवावरून फक्त अलीकडची नव्हे, तर पलीकडची मर्यादा काढावी. ‘बासेल मिशन’ हें नांव असल्यास तें कौल इ. स. १८६५ पूर्वींचें नाहीं. ‘कॉमनवेल्थ’ हें नांव असल्यास इ. स. १९१९ पूर्वींचें नाहीं. तें नंतर केव्हां छपरावर चढलें हें केवळ मुद्रेवरून सांगतां येत नाहीं; कारण वखारींत माल पडून राहतो.

तिसरा नियम : एका कौलावरून छपराचा निर्णय करूं नये. कौलें एका घरावरून दुसऱ्या घरावर जातात. पडक्या घराचीं कौलें विकतात. वांटणींत भाऊ तीं मोजून घेतात. यासाठीं एका पाख्यावरील शक्य तितकीं कौलें मोजून प्रत्येक मुद्रेचा आंकडा मांडावा. एकच मुद्रा बहुसंख्य असेल तर तें मूळ शाकारणीचें कौल असण्याचा संभव आहे. विरळ असलेल्या मुद्रा डागडुजीच्या समजाव्या.

चौथा नियम : कौलाबरोबर लाकूडही वाचावें. वाशांवर पूर्वींच्या बांधणीच्या खुणा, जुनीं भोंकें, किंवा रिपा मागाहून ठोकल्याचीं चिन्हें असल्यास पूर्वीं त्याच घरावर नळे किंवा गवत होतें असें समजावें. नळ्यांचे फुटके तुकडे माळ्यावर किंवा परसांत सांपडणें हा त्यास उत्तम दुजोरा होय.

पांचवा नियम : घरांतील हिशेबाच्या वह्या पाहाव्या. आपण मोडी दप्तरें चाळतों तीं इनाम, वतन, लढाया व पत्रव्यवहार यांसाठीं. रोजमेळ व खर्डे बाजूस ठेवतों. परंतु कौलें किती आलीं, होडीचें भाडें काय पडलें, किती फुटलीं, सुतारास काय दिलें, या नोंदी असतील तर त्या रोजमेळांतच असतील. कौलावरील मुद्रा व वहींतील नोंद हीं दोन एकमेकांस जुळलीं म्हणजे जो निर्णय होईल तोच पक्का. मिशनच्या बाजूचे कागद व छायाचित्रें बासेल येथील दप्तरांत जतन केलेलीं आहेत. तिकडील मालाचा इतिहास तेथें मिळतो. इकडील खपाचा इतिहास मात्र आपल्याच माळ्यांवर आहे.

मुद्रा उतरून घेण्याची रीत सोपी आहे. पातळ कागद अक्षरांवर ठेवून वरून शिसपेन आडवी घासावी म्हणजे ठसा उठतो. त्या कागदावर गांव, वाडी, घराचा कोणता पाखा, व मोजलेल्या कौलांची संख्या लिहावी. नांदत्या घरावरील कौल मुद्रेच्या लोभानें कोणीं काढूं नये. खालून वाचतां येतें तेवढें पुरे आहे.

६. मुद्रा नसलेलें कौल

शेवटीं एका धोक्याची सूचना करणें प्राप्त आहे. संग्राहकाचा कल स्वभावतः अक्षरांकडे असतो. अक्षरें असलेला दगड आपण उचलून आणतों, नसलेला पायरीस लावतों. कौलांच्या बाबतींत असें झालें तर इतिहासाचा एक पक्षच नाहींसा होईल. मंगळुरी कौलावर नांव आहे, साल आहे, गांव आहे. कुंभाराच्या नळ्यावर यांपैकीं कांहीं नाहीं. क्वचित् ओल्या मातींत उठलेली बोटांची खूण तेवढी असते. ज्या धंद्याचें नुकसान झालें त्याची नोंद मुद्रेंत नाहीं. नव्या मालाच्या यशाचा इतिहास लिहितांना ज्याच्या जागीं तो आला त्याचा इतिहास पुसला जाऊं नये, म्हणून प्रत्येक गांवच्या मुद्रांच्या नोंदीबरोबर तेथील नळ्यांचीं मापें, जाडी व मातीचा रंग यांचीही नोंद व्हावी, आणि ज्या कुंभारवाड्यांत वृद्धांस नळे घडविण्याची रीत आठवत असेल तेथें ती विचारून लिहून ठेवावी.

हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. मंगळुरी कौलानें नळ्यास जें केलें तेंच आतां सिमेंटचा गच्च व रंगीत पत्रा मंगळुरी कौलास करीत आहेत. इ. स. २०२० च्या जून महिन्यांत ‘निसर्ग’ चक्रीवादळानें दापोली व मंडणगड या तालुक्यांत असंख्य घरांचीं छपरें उध्वस्त केलीं. फुटलेलीं कौलें ढिगांनीं टाकून द्यावीं लागलीं. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणांत रस्त्याकडेचीं जुनीं घरें व दुकानें गेलीं. जीं उरलीं आहेत त्यांतील कित्येकांस कुलूप आहे, आणि शाकारणी न झालेलें घर दोन-तीन पावसाळ्यांत बसतें. घरमालकानें पक्कें छप्पर घातलें याबद्दल त्यास बोल लावण्याचा अधिकार आपणांस नाहीं. त्याच्या आजोबानेंही नळे उतरवून मंगळुरी कौलें घातलीं तीं याच कारणासाठीं. परंतु कौलें उतरतात त्या दिवशीं एक मनुष्य कागद व शिसपेन घेऊन अंगणांत उभा राहिला, तर घरमालकाचें कांहीं अडत नाहीं आणि आपलें साधन वांचतें.

तूर्त वाचकांस विनंति इतकीच कीं, यापुढें कोणीं ‘१८६५’ दाखविला तर त्यानें घराचें वय सांगितलें असें समजूं नये. तो एका नव्या मालानें दूरच्या गिऱ्हाइकास दिलेला कौल आहे, आणि कोणताही कौलनामा वाचतांना आपण जें विचारतों तेंच येथें विचारावें : तो कोणीं दिला, कोणास दिला, आणि ही प्रत केव्हांची.